ब्रेकमधली वात

माझ्या सासूने ते फाटलेलं पातळ खुंटीला टांगून ठेवलं होतं. धुतलं नाही, शिवलं नाही, तसंच. घरात कोणी आलं की आधी पाणी, मग चहा, आणि मग पातळ. काठापासून पार गुडघ्यापर्यंत टरकलेलं ते निळं नायलॉन दोन्ही हातांनी ताणून दाखवायची आणि म्हणायची, "पाह्य व माय, सुनेनं मले गाडीवरून कशी फेकली थे."

फेकलं वगैरे काही नव्हतं. मीसुद्धा तिच्याबरोबरच पडले होते. माझाही कोपर सोलून निघाला होता, पण माझ्या कोपराचं कौतुक कोणाला!

मी तेव्हा घाटंजी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. जवळची गावं तर होतीच, शिवाय डोंगराकडची कोलामांची पोडं, म्हणजे त्यांच्या वस्त्या, माझ्याकडेच होती. तिकडे एसटी जात नाही. जीप जाते, पण ती बाजाराच्या दिवशी, आणि बाळंतपण काही बाजाराचा दिवस पाहून येत नाही. माझा नवरा जिनिंगमध्ये फिटर. कापसाचा हंगाम लागला की आदिलाबादकडे जायचा तो उन्हाळ्यातच परत यायचा, आणि त्याची मोटरसायकल ओसरीत धूळ खात उभी राहायची. एका वर्षी मी म्हटलं, हे काय खरं नाही. शिकून घेतली. साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले. गावाला बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. नंतर गावाचं तोंड दुखलं आणि गाव गप्प बसलं.

त्या दिवशी सासूचे डोळे दाखवायला तिला घाटंजीला नेलं होतं. परत येताना नाल्याजवळच्या वळणावर समोर बकऱ्या आल्या. मी पुढचा ब्रेक दाबला, गाडी हळू झाली, बोटं सोडली, पण ब्रेक काही सुटला नाही. धरला तो धरलाच. चाक गिट्टीवर अडून बसलं आणि आम्ही दोघी आडव्या. तिचं मनगट मुरगळलं, पातळ पाय ठेवायच्या दांडीत अडकून टर्रकन फाटलं. बकऱ्या मात्र जागच्या हलल्या नाहीत, उभ्या राहून पाहत होत्या.

"मी या गाडीवर जिंदगीत पुन्हा बसत नाही," ती रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "अन् तुले बी बसू देत नाही."

मला वाटलं रागाच्या भरात बोलली. कशाची! घरी येऊन मनगटाला मी पट्टी बांधत होते तेव्हाच तिने निकाल दिला. गाडी माझ्या दिराला द्यायची. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा राहायचा. येत्या बाजाराच्या दिवशी त्याने येऊन गाडी घेऊन जावी, आणि मी आरोग्य केंद्रातल्या साहेबांना सांगावं की पोडं दुसऱ्या कोणाला द्या, मला गावातलंच काम पाहू द्या.

"दुसरी कोण आहे आत्याबाई?" मी म्हटलं.

"थे सायेब पाह्यतीन."

साहेब काय पाहणार होते ते मला चांगलं ठाऊक होतं. माझ्या आधीची नर्स पोडावर कधी गेलीच नव्हती. तिथल्या बायांना मी माझ्या तोंडाने शब्द दिला होता की फोन करा, मी येतेच. फोनवर नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "माय म्हणते थे ऐक ना सध्या, मी आलो की पाहू." तो येणार उन्हाळ्यात! मी फोन ठेवून दिला. मला इतका राग आला होता की त्या दिवशीच्या भाकरी सगळ्या करपल्या. त्या करपलेल्या भाकरी सासूनेही मुकाट्याने खाल्ल्या.

पण मी रडत बसणारी नव्हते. दोष माझ्या हाताचा नव्हता, ब्रेकचा होता. बाजाराच्या आधी ब्रेक दुरुस्त करायचा आणि तिला दाखवून द्यायचं, एवढं मी पक्कं केलं.

घाटंजीच्या स्टँडमागे एका चाचांचं गॅरेज होतं. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मीच केलेलं, त्यामुळे तिथे माझी चहाची सोय असायची. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकले. "सिस्टर, पूरा कॅलिपर बदलून टाका. नवा यवतमाळहून मागवावा लागते, टाइम लागन. घरी खोलाचं काम नाही हे."

"चाचा, मी बाळंतपणं करते. हे तं लोखंड आहे. रडत नाही, ओरडत नाही."

चाचा इतके हसले की चहा सांडला. "अच्छा, तो फिर करो." त्यांनी रबराचं किट काढून दिलं, जुन्या गाडीचा कॅलिपर खोलून समजावूनही दिलं. तसं ते फार अवघड नाहीच. कॅलिपर म्हणजे चाकाच्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारी मूठ. तिच्या आत छोट्या वाटीएवढा पिस्टन, आणि पिस्टनभोवती बांगडीसारखं रबर. लिवर दाबलं की तेल पिस्टनला पुढे ढकलतं, सोडलं की तेच रबर त्याला केसभर मागे ओढून घेतं. रबराच्या खाचेत मळ साचून दगड झाला की पिस्टन तिथेच अडकतो, आणि सासवा पडतात.

"रबराले पेट्रोल, घासलेट बिलकूल नाही. फुगते थे," चाचा म्हणाले. "सिर्फ ब्रेक ऑइल. अन् साफसफाई ऐसी, की अंदर एक कण बी नाही राह्यला पाह्यजे."

साफसफाई! मला! मनात म्हटलं, चाचा, आख्खी जिंदगी माझी साफसफाईत चालली आहे, तुम्ही काय सांगता.

आता घराची अवस्था सांगते. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता, पण त्या वर्षी सासू आणि दीर दोघांनी जिद्द धरली की या भावात विकायचाच नाही. त्यामुळे वावरातला सगळा कापूस घरात. मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली, ओसरीत अर्ध्यापर्यंत, माझ्या पलंगाखाली गाठोडी. अंगाला खाज, वरणात धागे, वेणीत धागे. काही पुसायचं झालं की कोणी फडकं शोधायचंच नाही. हात लांब केला की कापूस. चष्मा पुसायचा कापूस, दिव्याची काच पुसायची कापूस, शेजारणीच्या पोराचं नाक पुसायचं तरी कापूसच. आणि मी तर नर्स. माझ्या हाताला कापसाचा बोळा जन्माचा चिकटलेला.

मी ओसरीत पोतं अंथरलं, नवऱ्याची पान्यांची पेटी काढली आणि कॅलिपर उतरवला. लिवर दाबत दाबत पिस्टन बाहेर ढकलला. शेवटी तो फसकन निघाला आणि काळं तेल माझ्या ड्रेसवर उडालं. पिस्टनला तांबेरा चढला होता, तो बारीक पॉलिश पेपरने उतरवला. खाच पाहिली तर काय, मळाचा नुसता पापडा! तिथे लोखंडी टोक लावलं तर ओरखडा पडतो, म्हणून बाभळीचा काटा घेतला आणि दातातली घाण काढावी तशी ती खाच कोरली. मग ब्रेक ऑइलमध्ये बोळा बुडवून पुसलं. पुन्हा नवा बोळा. पुन्हा नवा. बोळा पांढराशुभ्र बाहेर येईपर्यंत. नवं रबर बसवलं, पिस्टन अंगठ्यांनी सरळ दाबला, तो असा अलगद आत गेला की मी एकटीच "वा!" म्हणाले.

राहिलं हवा काढणं. तेलात हवेचा बुडबुडा राहिला की लिवर पोकळ लागतं. ते काम तर माझ्या हातचा मळ. मुदत संपलेल्या सलाइनच्या सेटची नळी लावली, तिचं टोक बाटलीत सोडलं, आणि इंजेक्शनमधली हवा काढताना टिचकी मारतो तशी पान्याने कॅलिपरला टिचकी मारत गेले. बुडबुडे नळीतून सुटले, नंतर नुसतं तेल आलं. लिवर दगडासारखं घट्ट झालं. चकतीला घासणारे पॅड तेलाने खराब होऊ नयेत म्हणून ते मी अजून बसवले नव्हते, त्यांच्या जागी लाकडाची फळकुटं घातली होती. तेल कुठून गळतं का ते पाहायला लिवर दाबून सुतळीने बांधून ठेवलं आणि झोपायला गेले.

सासू खाटेवरून सगळं पाहत होती.  एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळी फळकूट ओलं. कॅलिपरच्या ओठाखाली थेंब लोंबत होता.

मी पुन्हा सगळं खोललं. मला वाटलं, कुठेतरी मळ राहिला असणार. यावेळी दुप्पट बोळे वापरले. मधल्या खोलीतला सगळ्यात स्वच्छ, लांब धाग्याचा कापूस निवडून घेतला, सरकी काढून पिंजला. खाच अशी पुसली की तिथे बाळाला झोपवावं. पुन्हा रबर, पुन्हा पिस्टन, पुन्हा हवा. दुसऱ्या दिवशी पाहते तर एका थेंबाच्या जागी दोन! आणि दिराचा निरोप आला होता की बाजाराला येतो, चावी काढून ठेवा. तो वाईट माणूस नव्हता हो, पण फुकटची गाडी कोणाला नको असते?

मी पाना फेकला. तो कापसात जाऊन पडला, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही. फेकण्याचंही समाधान नाही मेलं त्या घरात!

आणि तेव्हाच फोन वाजला. पोडावरून. एकीला कळा सुरू झाल्या होत्या. पहिलटकरीण, अंगात रक्त कमी, तिची मला आधीपासून काळजी होती. सोबतीला दिराला न्यावं तर तो वावरात, जीप कोणाची मिळेना. मी पिशवी खांद्याला लावली आणि पायी निघाले. सासू दारात उभी होती.

"जंगलातून एकटी जाशीन? वाघ आहे म्हणतात तिकडं."

"तुम्हीच तं गाडी बंद केली," मी म्हटलं. तोडून बोलले मी. भीती माझ्याही पोटात होती, ती रागाखाली दाबून टाकली.

सागाच्या जंगलातून चालताना पान वाजलं तरी थांबत होते. पोहोचले तेव्हा मूल बाहेर आलेलं होतं, तिथल्या म्हाताऱ्या दाईने सांभाळलं होतं. पण बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. माझ्याकडचं इंजेक्शन दिलं, पोट चोळत बसले, हळूहळू थांबला. तिच्या नवऱ्याने मला पाणी दिलं ते मी एका दमात प्याले. गाडीने आले असते तर इतकं रक्त तिचं गेलंच नसतं. परत येताना मी जंगलातल्या वाटेवर मोठ्याने रडले. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मन भरून रडले.

दिवेलागणीला घरी आले तर सासू पायरीवर बसलेली. बाजूला तांब्या भरून ठेवला होता. चूल पेटलेली नव्हती. ती माझ्याकडे पाहत राहिली, माझ्या पायांकडे पाहत राहिली, आणि म्हणाली, "बाई कशी आहे?"

"आहे. थोडक्यात वाचली."

तिने तांब्या पुढे केला. मग चूल पेटवायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्यांदा पोत्यावर बसले. तिसऱ्यांदा काय वेगळं करणार होते ते मलाही ठाऊक नव्हतं. सासू बाजूला देवासाठी वाती वळत बसली होती. एका हाताला माझी पट्टी, तरी मांडीवर कापूस वळणं चालूच. नवीन चष्मा लागल्यापासून तिला नको तेही दिसायला लागलं होतं. ती उठली, गाडीजवळ आली आणि वाकून कॅलिपरकडे पाहिलं.

"काय व बाई," ती म्हणाली, "वात लावून ठेवली अन् म्हणते तेल गळून राह्यलं!"

मी खवळले. "आत्याबाई, टोमणे नंतर मारा, मले काम करू द्या."

"टोमना कायचा? हे पाह्य ना." तिने बोट लावलं. पिस्टनच्या कडेला, रबराच्या फटीतून एक पांढरा धागा बाहेर आला होता. केसाहून बारीक. त्याच्या टोकाला थेंब. "दिव्यातून वात अशी बाहेर लोंबली की तेल टपकतेच. घरची लक्ष्मी सांडते म्हणून मी तुले किती येळा सांगतलं, वात काठावर ठेवू नोको."

मी पाहत राहिले. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जितकं पुसलं तितके धागे खाचेत गेले! जितका चांगला, लांब धाग्याचा कापूस घेतला तितकी चांगली वात झाली! रबराखालून, पिस्टनच्या अंगाने, तेल आरामात चढून बाहेर येत होतं. दुसऱ्या कोणत्या मुलखातल्या माणसाने फडकं घेतलं असतं, वर्तमानपत्र घेतलं असतं. आम्हीच तेवढे कापसात बुडालेले, आणि त्यातून मी नर्स! मला हसू सुटलं ते थांबेचना. सासू म्हणाली, "याड लागलं काय?" आणि मग तीही हसायला लागली, कशाला हसतो आहोत हे न कळताच.

"मंग आता कायनं पुसशीन?" ती म्हणाली.

मी घरभर नजर फिरवली. टॉवेल सुती, लुगडी सुती, जुने फडके सगळे सुती. आमच्या घरात कापसाखेरीज काय असणार! धागा न सोडणारी एकच गोष्ट त्या घरात होती, आणि ती खुंटीला टांगलेली होती. मी तिचं नाव काढलं नाही. माझी हिंमत नव्हती म्हणा.

सासूने माझ्या नजरेमागे नजर नेली.  दीर दुसऱ्याच दिवशी यायचा होता, आणि त्याला पुन्हा एकदा दाखवायला ती ते पातळ जपून होती. मग तिने खुंटीवरून पातळ काढलं, एक टोक दातात धरलं, चांगल्या हाताने ओढलं आणि हातभर तुकडा टर्रकन फाडून माझ्या मांडीवर टाकला.

"पायी गेली तरी तू जाशीनच," ती म्हणाली. "थांबनार थोडीच आहेस. मंग ब्रेकवाल्या गाडीनंच जात जाय."

 डोळे भरून आले ते मी बाहीने पुसले, तीही सुती. तिने लगेच हटकलं, "त्या हातानं आता लोखंडाले हात लावू नोको!"

ओसरीत नाहीच, अंगणात कडुलिंबाखाली बसले. पोतंही झटकून घेतलं. सगळं पुन्हा खोललं, ब्रेक ऑइलने धुतलं, नायलॉनच्या तुकड्याने पुसलं. सासू बाजूला बसून माझ्या केसांतले, खांद्यावरचे धागे वेचत होती. संध्याकाळी लिवर बांधून ठेवलं. सकाळी फळकूट कोरडं ठाक. मी गालाला लावून पाहिलं, सासूनेही लावून पाहिलं. मग पॅड बसवले.

दीर आला तेव्हा सासू बाहेर जायच्या तयारीत, हातात पिशवी. ती त्याला म्हणाली, "आम्ही बाजाराले जाऊन राह्यलो. तू येष्टीनं ये."

भाऊजी बिचारे चावीसाठी हात पुढे करून उभे. "माय, तूच तं म्हटलं होतं, गाडी घेऊन जाय म्हणून? थे फाटलं पातळ दाखोलं होतं..."

"कोन्तं पातळ?" सासू म्हणाली आणि माझ्या मागे बसली.

मी तिला एक गोष्ट सांगितली नव्हती. सकाळीच पोडावरून फोन आला होता, त्या बाळंतिणीला ताप भरला होता. मी ठरवलं होतं की आधी हिला बाजारात सोडते, मग तिकडे पळते. नाल्याजवळचं ते वळण आलं. मागे म्हातारीने श्वास धरला होता हे मला पाठीला कळत होतं. तिने मागचा दांडा सोडून पट्टी बांधलेला हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"दाब," ती म्हणाली.

मी दाबला. गाडी हळू झाली. बोटं सोडली, चाक मोकळं फिरलं. पुन्हा दाबला, गाडी आम्हाला घेऊन गिट्टीवर उभी राहिली. आम्ही पडलो होतो ती जागा दोन हातांवर होती.

वळण संपलं की फाटा आहे. एक रस्ता घाटंजीला, एक डोंगराकडे. तिथे तिने माझ्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवली आणि उतरली.

"मी येष्टीनं जातो," ती म्हणाली. आमच्याकडे जुन्या बाया स्वतःला असंच म्हणतात, मी जातो, मी आलो. "मले काय फोन ऐकू येत नाही काय? थे बाई तापली आहे ना? जाय तिकडं."

"तुम्ही तं म्हणत होत्या जिंदगीत पुन्हा बसत नाही. मंग बसल्या काहून?"

ती पुलाच्या कठड्यावर बसली, पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला.

"ब्रेक लागला नसता तं तू एकटीच पडली असतीस ना," ती म्हणाली.

मला गाडी सुरू करता येईना. समोरचं सगळं धूसर झालं होतं.

"जाय ना व आता," ती ओरडली. "अन् येताना सावकाश येजो."

मी डोळे पुसले, किक मारली आणि पोडाच्या रस्त्याला लागले.